संकल्पातला आजचा दिवस

प्रिय मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

तुझा प्रश्न मला फार आवडला. कॉलेजातल्या माइंडफुलनेसच्या वर्गात सांगतात की काल सोडा, उद्या सोडा, आत्ताच्या क्षणात राहा. आपल्याकडे मात्र पितृपक्षात पणजोबांना जेवायला बोलावतात, पाडव्याला वर्षभराचं फल वाचतात, आणि साधी पूजा करायची तरी ब्रह्मदेवाच्या वयापासून सुरुवात करतात. मग आपण आज जगतो कधी, असं तू विचारलंस.

माझं म्हणणं असं की आपल्या पद्धतीत काल आणि उद्या सोडून द्यायला कुणी सांगतच नाही. दोघांना जागा नेमून दिली आहे, दिवस ठरवून दिला आहे आणि मर्यादाही घालून दिली आहे. म्हणून उरलेला वेळ आजच्या वाट्याला येतो. ते कसं घडतं, ते बारकाव्यानिशी लिहिते. घराघरात पद्धत बदलते, त्यामुळे मैत्रिणीकडे वेगळं पाहिलंस तर चुकीचं समजू नकोस.

आधी संकल्प. त्याशिवाय कोणतंही कार्य सुरू होत नाही. पूर्वेकडे तोंड करून बसायचं. जवळ पंचपात्र-पळी आणि समोर ताम्हन. उजव्या तळहातावर थोडंसं पाणी घेऊन केशवाय, नारायणाय, माधवाय असं तीनदा प्यायचं, आणि चौथ्यांदा गोविंदाय म्हणत ताम्हनात सोडायचं. तळहातावर उडदाचा दाणा बुडेल इतकंच पाणी पुरतं, घोट घोट पीत बसायचं नाही. मग प्राणायाम, आणि त्यानंतर देशकालाचा उच्चार.

हा उच्चार म्हणजे तुला कंटाळवाणी वाटणारी ती लांबलचक ओळ. ती नीट ऐक. ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा दुसरा परार्ध, म्हणजे अर्धं आयुष्य सरलं आहे. त्यातला श्वेतवाराह कल्प, म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस. त्या दिवसातल्या चौदा मन्वंतरांपैकी, म्हणजे एकेका मनूच्या काळांपैकी, सातवं, वैवस्वत. त्यातलं अठ्ठाविसावं कलियुग, आणि त्याचंही पहिलंच चरण. एकटं कलियुग ४,३२,००० वर्षांचं. तिथून ओळ भराभर खाली उतरते: शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. स्थळही तसंच. जंबुद्वीप, भरतवर्ष, भरतखंड, दंडकारण्य आणि शेवटी गोदावरीचा काठ. पुण्यात 'दक्षिणे तीरे' म्हणतात, नागपुरात 'उत्तरे तीरे'. शेवटी आपलं गोत्र, आपलं नाव आणि आत्ता काय करणार आहोत ते. 'करिष्ये' म्हटलं की हातातल्या अक्षता पाण्याबरोबर ताम्हनात सोडायच्या.

मागे अफाट काळ, पुढे अफाट काळ, आणि त्यात तू एका तिथीला, एका नदीच्या एका काठावर बसली आहेस. तुझ्या वर्गात श्वासावर लक्ष ठेवून जिथे पोचतात, तिथेच ही ओळ पत्ता सांगून नेते. मला तर ती जास्त भावते, कारण ती मागचं-पुढचं नाकारत नाही.

म्हणूनच इथे सगळ्यात मोठी चूक होते ती पत्त्यात. व्हिडिओवर पुण्याचे गुरुजी सांगतात आणि पेन्सिल्व्हेनियात बसलेली माणसं बेधडक 'गोदावर्याः दक्षिणे तीरे' म्हणून मोकळी होतात. तू तसं करू नकोस. 'अमेरिकादेशे, पिट्सबर्गनगरे' म्हण. तुमच्याकडे नद्या तीन आहेत, पण तुझ्या वसतिगृहाला जवळची मनॉन्गहेला, आणि तू तिच्या उत्तर काठावर राहतेस. तेच नाव घे. संस्कृत जमत नसेल तर सरळ मराठीत म्हण. पत्ता खरा असण्याला महत्त्व आहे.

शक काढायचं सोपं आहे: पाडव्यानंतर इसवी सनातून ७८ वजा कर, पाडव्याआधी ७९. १९ मार्च २०२६ पासून शके १९४८ चालू झालं आणि त्याचं नाव पराभव संवत्सर. दचकू नकोस. साठ नावं ठरलेल्या क्रमाने फिरतात. त्यात विजय आहे, दुर्मुख आहे. अठ्ठेचाळिसावं आनंद, तर एकोणपन्नासावं राक्षस. नाव आवडलं नाही म्हणून कुणी वर्ष गाळत नाही. पराभव संवत्सरातही लग्नं होतात, वास्तुशांत होते, आणि प्रत्येक संकल्पात ते नाव मोठ्याने उच्चारलं जातं. समोर आलेला काळ नावानिशी मान्य करायची ही सवय मला फार मोलाची वाटते.

त्याच संकल्पात आणखी एक शब्द येतो, त्याकडे लोक लक्षच देत नाहीत: 'यथाज्ञानेन यथामिलितोपचारद्रव्यैः'. मला जेवढं ज्ञान आहे तेवढ्यानिशी आणि जे साहित्य मिळालं तेवढ्यातून मी हे करीन. दूर्वा नसल्या तर अक्षता वाहाव्यात. वसतिगृहात निरांजन-उदबत्ती लावूच नकोस, धुराचा अलार्म वाजेल आणि ते नियमातही बसत नाही. 'सगळं साग्रसंगीत जमलं की करू' असं म्हणणाऱ्यांचं कधीच होत नाही, हे मी परदेशातल्या कितीतरी घरांत पाहिलं आहे.

आता गेलेल्यांकडे येते. भाद्रपदाचा वद्य पक्ष त्यांचा. ज्या तिथीला माणूस गेलं, त्या तिथीला त्याचं श्राद्ध. सवाष्ण गेलेल्यांसाठी अविधवा नवमी, अपघाताने किंवा शस्त्राने गेलेल्यांसाठी चतुर्दशी, आणि तिथी माहीत नसेल किंवा चुकली असेल तर सर्वपित्री अमावास्या. विसरभोळ्यांसाठीसुद्धा जागा ठेवली आहे, म्हणजे अपराधी वाटून घेत वर्षभर कुढायचं कारण उरत नाही.

पिंड तीनच असतात: वडील, आजोबा, पणजोबा. त्यांना अनुक्रमे वसू, रुद्र, आदित्य मानतात. कुणी नवं गेलं की सपिंडीकरणात, म्हणजे त्याला पितरांत सामावून घेण्याच्या विधीत, त्याच्या पिंडाचे तीन भाग करून वरच्या तीन पिंडांत मिसळतात, आणि आतापर्यंत तिसरा असलेला पूर्वज त्या रांगेतून बाहेर पडतो. त्याच्यापुढच्यांना हाताला लागलेला पिंडाचा लेप दर्भाला पुसतात, तेवढाच. नावाने आठवायचं ते तीन पिढ्यांना, बाकीच्यांना एकत्र. तर्पणात तर जे आप्त होते त्यांनाही पाणी देतात, जे नव्हते त्यांनाही, आणि मागच्या जन्मी कधी आप्त असतील त्यांनाही. ज्याच्याशी पटलं नाही तोसुद्धा यात आलाच. भांडण मिटलं की नाही, हे कुणी विचारत नाही. ओंजळभर पाणी मात्र द्यावंच लागतं.

हात कसा धरायचा तेही ठरलेलं आहे. देवांना पाणी बोटांच्या टोकांवरून सोडतात, पितरांना अंगठा आणि तर्जनीच्या मधून. त्यात काळे तीळ, तोंड दक्षिणेकडे, आणि जानवं असेल तर उजव्या खांद्यावर, म्हणजे अपसव्य. काम झालं की सव्य करायचं, म्हणजे जानवं पुन्हा डाव्या खांद्यावर. गेलेल्यांकडे वळायचं ते पूर्ण शरीराने, आणि परत यायचं तेही पूर्ण शरीराने. अर्धवट वळून बसलं की माणूस ना तिकडचा राहतो ना इकडचा. भूतकाळाचा त्रास बहुतेकांना असाच होतो.

पानात तांदळाची खीर, वडे, आमसुलाची चटणी, कढी, आणि घरच्या रीतीप्रमाणे भाज्या. गाय, कुत्रा आणि कावळ्याचा घास वेगळा काढायचा. तिकडे गाय कुठून आणणार? घास आवारात झाडाखाली ठेव, जे पाखरू येईल त्याचा तो. वसतिगृहाचा नियम आड येत असेल तर कुणा भुकेल्या मित्राला जेवू घाल, तेही चालतं.

वेळेचं मात्र सांभाळ. दिवसाचे सूर्योदय ते सूर्यास्त पाच सारखे भाग करतात, त्यातला चौथा अपराण्ह, तो पितरांचा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पिट्सबर्गला तो साधारण सव्वादोन ते साडेचार येतो. त्या वेळी जी तिथी असेल ती श्राद्धाची. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकायला लागणारा काळ. तो जगभर एकाच क्षणी सुरू होतो आणि एकाच क्षणी संपतो, फक्त घड्याळं वेगळी. २०२६ ची सर्वपित्री घे. भारतात ती शनिवारी, १० ऑक्टोबरला. तिथे अमावास्या रात्री नवाच्या पुढे संपते, म्हणजे तुझ्याकडे त्याच शनिवारी दुपारी बाराच्या आत संपलेली असेल. दोनला पान मांडशील तेव्हा प्रतिपदा लागलेली. त्यामुळे तुझी सर्वपित्री शुक्रवारी, ९ ऑक्टोबरला. भिंतीवरचं भारतातलं कॅलेंडर पाहून दिवस धरला की हा घोटाळा हमखास होतो.

अमावास्या संपून प्रतिपदा लागली की घटस्थापना. कालपर्यंत तीळ होते, आता परडीत माती आणि सप्तधान्य. मध्ये शोकाचे आणखी चार दिवस ठेवलेले नाहीत. अधिक आश्विन आला तरच महिन्याचं अंतर पडतं, २०२० साली पडलं होतं तसं.

एक गोष्ट पितृपक्षातली नाही, दहाव्या दिवसाची आहे, पण तुझ्या प्रश्नाला तीच सगळ्यात जवळची. पिंडाला कावळा शिवेपर्यंत लोक थांबतात. नाही शिवला तर गेलेल्याची कोणती इच्छा राहिली असेल याचा विचार करून घरातलं कुणीतरी मोठ्याने सांगतं: धाकट्याचं शिक्षण मी पुरं करीन, आईला मी सांभाळीन. कावळा त्यावर येतो की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. घडतं मात्र एवढं की मागचं राहिलेलं काम चार माणसांदेखत एका जिवंत माणसाच्या अंगावर येतं, नावानिशी. मग ते दुःख राहत नाही, काम होतं. इथे चूक होते ती भावनेच्या भरात. 'शेत कधीच विकणार नाही' असं कुणी बोलून बसतं आणि पुढे वीस वर्षं कोंडी होते. म्हणून जाणती माणसं आपल्याला झेपेल तेवढंच बोलायला लावतात. कावळा येतच नसेल तर दर्भाचा कावळा करून शिववतात आणि घरी निघतात. वाट पाहण्यालाही शेवट आहे.

उद्याचं त्यामानाने थोडक्यात आटपतं. पाडव्याला सकाळी कडुनिंब: दहा-बारा कोवळी पानं, दोन मिरे, चिमूटभर हिंग, जिरे, ओवा, मीठ, थोडी चिंच आणि सुपारीएवढा गूळ, सगळं वाटून. तुझ्याकडे वाळलेली पानं मिळाली तर तीन-चारच घे. मग पंचांगातलं संवत्सरफल वाचायचं: पाऊस कसा, पीक कसं. वर्षातून एकदा वाचायचं, पंचांगाला नमस्कार करायचा आणि ठेवून द्यायचं. रोज सकाळी राशिभविष्य उघडणं ही त्याची बिघडलेली नक्कल आहे, ते मला अजिबात पटत नाही. आणि मुहूर्ताची वाट पाहत काम अडू नये म्हणून साडेतीन मुहूर्त आहेतच: पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि अर्धा बलिप्रतिपदेचा. त्या दिवशी पंचांग पाहावंच लागत नाही.

मुलीला हे करता येतं का, हेही विचारलंस. येतं. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने स्त्रियांना पौरोहित्य शिकवलं आहे, त्या श्राद्धसुद्धा सांगतात, आणि प्रत्येक मंत्राचा मराठी अर्थ सांगून करवून घेतात.

९ ऑक्टोबरच्या आधी आजीला फोन करून तीन पिढ्यांची नावं लिहून घे, माझ्या माहेरचीही. आज्या-पणज्यांची सासरची नावं घ्यायची असतात, माहेरच्या नावाने घोटाळा होतो. ज्याचं गोत्र कुणालाच आठवत नसेल त्याला काश्यप म्हणायचं. तीळ काळेच आण, धुऊन पांढरे केलेले नकोत.

तुझी,
आई