घरात चार माणसं, तरी मी एकटाच

प्रश्न : ताई, मी ५७ वर्षांचा, भांडुपला राहतो. आधी पाठ आणि पोट दुखायचं, अ‍ॅसिडिटी म्हणून गोळ्या खात राहिलो, मग सोनोग्राफी, सीटी, बायोप्सी सगळं झालं. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, लिव्हरमध्ये पसरलाय, चौथी स्टेज. डॉक्टरांनी मला बाहेर बसवून मुलाला आत बोलावलं, पण फाईल माझ्याच पिशवीत होती, वाचली मी. घरात सगळे म्हणतात, अल्सर आहे, बरं होईल. मुलीचं लग्न ठरलंय म्हणून सोयऱ्यांनाही तेच सांगितलंय. मला माहितेय हे त्यांना माहीत नाही, की माहीत असून दाखवत नाहीत, देव जाणे. सकाळी पाणी येतं तेव्हा नळ सोडून बाथरूममध्ये रडून घेतो. मरणापेक्षा हे गप्प राहणंच जास्त खातंय. काय करू?

उत्तर : दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मला तुमची बायकोच दिसली, कारण आठ वर्षांपूर्वी त्या जागी मी होते. आमच्या ह्यांना फुप्फुसाचा होता. एका रात्री ते म्हणाले, "अगं, मी काही आता फार दिवस नाही", आणि मी काय केलं, तर उठले आणि विचारलं, चहा ठेवू का. रात्री साडेअकराला चहा! ते "ठेव" म्हणाले आणि तो विषय त्यांनी परत कधी काढला नाही. मला वाटत होतं मी त्यांना जपतेय, खरं तर मी स्वतःलाच जपत होते. तेव्हा तुमच्या घरातलं ते अल्सरचं नाटक म्हणजे प्रेम नाही असं समजू नका, प्रेमच आहे ते, फक्त घाबरलेलं.

पण नाटक कोणीतरी थांबवायला हवं, आणि मला वाटतं ते तुम्हीच थांबवू शकाल, कारण बाकीचे तुमच्या तोंडाकडे बघून बोलतायत. सगळ्यांना एकदम बसवून सांगायची गरज नाही. एकाच माणसाला सांगा, बायकोला. तिची सिरियल संपली, मुलं आत गेली की म्हणा, "फाईल मी वाचलीय, तुला एकटीला ओझं नको." एवढंच. ती रडेल, विषय बदलेल, कदाचित चहा ठेवायला उठेल. उठू द्या. तिथेच बसून राहा.

सोयऱ्यांचं नंतर बघू. कॅन्सर हात लावल्याने होत नाही हे आता तरी लोकांना कळावं असं वाटतं, पण लग्नाच्या बाजारात कोण काय बोलेल सांगता येत नाही, त्यामुळे किती सांगायचं हे मुलीलाच ठरवू द्या. ती लहान नाही. बाप काय सहन करतोय हे तिला लग्नानंतर कळलं तर ते तिला जास्त लागेल.

आता दुखण्याचं, कारण दुखत असेल तर मन ताळ्यावर राहतच नाही. डॉक्टरांकडे पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांची, चिठ्ठी मागा. हा शब्द ऐकला की लोक समजतात शेवटचे चार दिवस, तसं नाहीये, केमो चालू असतानाही ही टीम बघते, परळच्या टाटामध्ये तर त्याचा वेगळा विभाग आहे. मॉर्फिन लिहून दिलं तर व्यसन लागेल म्हणून नाकारू नका, डॉक्टर सांगतील त्या डोसमध्ये कॅन्सरच्या दुखण्यावर ते नीट काम करतं, फक्त बद्धकोष्ठ होतो म्हणून पोट साफ व्हायचं औषध सोबतच मागून घ्या. स्वादुपिंडाच्या दुखण्यावर नसांच्या जाळ्याजवळ इंजेक्शन देऊनही आराम पडतो, तेही विचारा. झोप उडालीय, काहीच नको वाटतं, हेसुद्धा तिथेच सांगा, त्यावर औषध असतं आणि बोलायला समुपदेशकही असतात. घरी झेपेनासं झालंच तर वांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती अवेदना सदन आहे, शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर पेशंटना ठेवून घेऊन काळजी घेतात, १९८६ पासून, पैसे घेत नाहीत. आजच जायला सांगत नाहीये, पण दार माहीत असलेलं बरं.

आणि रात्री तीनला छाती भरून आली, किंवा आपणच संपवून टाकावं असा विचार आला, तर १४४१६ लावा, टेली मानस, मनाच्या त्रासासाठी सरकारची हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात. तो विचार लाजेचा नाही, पण तो घेऊन एकटे बसू नका, घरच्यांनाही उठवा.

हॉस्पिटलला लोकलने जात असाल तर अपंगांच्या डब्यातून जा, तो कॅन्सर पेशंटसाठीही आहे, कागद जवळ ठेवा. आमचे हे "मी काय अपंग आहे का" म्हणून सहा महिने जनरलमध्ये लोंबकळले. शेवटी एकदा त्या डब्यात बसले तर समोर डोक्याला रुमाल बांधलेला एक काका भेटला, दोघांनी कुर्ल्यापर्यंत केमोनंतर तोंडाची चव कशी जाते यावर गप्पा मारल्या, आणि त्या दिवशी घरी येऊन ह्यांनी पोटभर वरणभात खाल्ला. तसा एखादा तुम्हालाही भेटेल, स्वतःहून बोला.

बायकोशी बोललात की मला कळवा, बोलणं जमलं नाही तरी कळवा. आणि तिने चहा ठेवलाच तर म्हणा, दोन कप ठेव.