प्रारब्धाचा हिशोब आईसमोर मांडू नका

‘अकराव्या आठवड्यात बाळ गेले. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, मागच्या जन्मीचे काही देणे असेल, ते फिटले. यजमान म्हणतात, आत्मा अमर आहे, रडून त्या जीवाला अडकवू नकोस. तेव्हापासून देवापुढे दिवा लावावासा वाटत नाही. माझी श्रद्धा संपली का?’

या भगिनीच्या लांबलचक पत्रात आणखीही प्रश्न आहेत, पण मी आधी या ‘देण्या’विषयीच बोलणार आहे. सासूबाईंच्या मनात वाईट काही नसावे. माहेर-सासर दोन्ही समुद्रापलीकडे असले की पाठीवरून हात फिरवायला कोणी नसते. जवळच्या माणसाला नुसते शेजारी बसून राहता येते. फोनवर गप्प राहिले की कॉल तुटल्यासारखा वाटतो, म्हणून माणूस काहीतरी बोलतो, आणि अशा वेळी तोंडात सर्वांत आधी प्रारब्धच येते.

कर्मसिद्धान्त मी नाकारत नाही. मात्र तो कोणाला सांगायचा, याचा विवेक आपल्याच ग्रंथांत आहे. भागवताच्या दशम स्कंधातील ८५वा अध्याय यजमानांनी जरूर वाचावा. कंस मरून काळ लोटला आहे, कृष्ण-बलराम समोर उभे आहेत, तरीही देवकी कंसाने मारलेले आपले सहा मुलगे पुन्हा पाहायला मागते. ‘झाले ते झाले, हे दोघे आहेत ना’ असे तिला कोणी म्हणत नाही. श्रीकृष्ण सुतल लोकी बळीराजाकडे जातो. हे सहा जण पूर्वी मरीचीचे पुत्र होते आणि ब्रह्मदेवाला हसल्यामुळे त्यांना शाप मिळाला, ही पूर्वजन्माची सगळी हकीकत तो तिथे बळीला सांगतो. आईचा शोक दूर व्हावा म्हणून मुलांना घेऊन जात आहे, असेही म्हणतो. देवकीपुढे मात्र तो हा हिशोब मांडत नाही. मुले तिच्या मांडीवर देतो, ती त्यांना पाजते, आणि मग ती देवलोकी जातात. गीतेतला आत्म्याच्या अमरत्वाचा उपदेशही अर्जुनाने ‘मी तुझा शिष्य आहे, मला सांग’ असे म्हटल्यानंतरच आला. तुम्ही यजमानांकडे उपदेश मागितलाच नव्हता.

माझ्या आईचे एक मूल सहाव्या महिन्यात गेले. ‘व्रत मोडले असेल’ हे काकूंचे वाक्य ती सत्तरीतही जसेच्या तसे सांगत असे. आजी मात्र एक अक्षर न बोलता रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसून हरिपाठ म्हणायची. आपला विठोबा आजीमुळे टिकला, असे आई म्हणत असे. केनेथ पार्गामेंट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या संशोधनातूनही असेच दिसते, की देव सोबत आहे ही भावना दुःखात आधार देते, तर देवाने शिक्षा केली ही भावना मनाचा त्रास वाढवणारी ठरते. घरातल्या माणसांनी यातली कोणती भावना पुरवायची, ते ठरवावे.

आता तुम्हालाही थोडे रागावते. मोडलेला सोमवार, ग्रहणात हातात घेतलेली सुरी, विमानाचा प्रवास, अशी यादी करून तुम्ही स्वतःलाच आरोपी केले आहे. पहिल्या तीन महिन्यांतील साधारण निम्मे गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतील बिघाडामुळे होतात, आणि कळलेल्या दर शंभर गर्भधारणांपैकी दहा ते वीस गर्भपाताने संपतात. या सगळ्या बायकांनी सोमवार मोडले होते का? ती यादी आजच फाडून टाका.

आणि श्रद्धा संपलेली नाही. ज्याच्याशी नातेच उरले नाही, त्याच्यावर कोणी रुसत नाही. जनाबाईने विठ्ठलाला शिव्या दिल्या आणि वारकऱ्यांनी ते अभंग जपून ठेवले. तेव्हा दिवा न लावता देवापुढे बसून जे मनात आहे ते स्पष्ट बोलायला तुम्हाला कोणाची परवानगी नको. दिवा काही दिवस यजमानांनी लावावा. बाळासाठी काही करावेसे वाटले, तर दोघांनी मिळून त्याला एक नाव द्या, त्याच्या नावाने दान करा. माझ्या धाकट्या बहिणीने तिच्या वेळी हेच केले, आणि मेहुणे त्या दिवशी पहिल्यांदा रडले. तुमच्या यजमानांचे तत्त्वज्ञानही बहुधा न रडलेल्या माणसाचेच आहे.

बाकीचे थोडक्यात. गर्भस्रावात जितके महिने तितक्या रात्रींनी आई शुद्ध होते, असे मनुस्मृती सांगते. तुम्ही लिहिलेल्या तारखेवरून ती मुदत केव्हाच संपली आहे. पुढच्या वेळेचा निर्णय डॉक्टरांशी बोलून घ्या. एका गर्भपातानंतर बहुतेकींची पुढची गर्भधारणा नीट पार पडते. मैत्रिणीच्या डोहाळजेवणाला जाऊ नका, पण डोकेदुखीचे निमित्त न सांगता तिला खरे कारण सांगा. झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे परतली नाही, तर समुपदेशकाकडे जा. जप चालू असला तरीही जा.

सासूबाईंशी यजमानांनीच बोलावे. ‘आई, कारण सांगू नकोस, रोज पाच मिनिटे तिच्यासाठी रामरक्षा म्हण आणि फोन चालू राहू दे’ एवढेच सांगावे. त्यांनाही नेमके काय करावे, हे कळत नसणार.