पप्पांना सांग, सायकल पाहिजे

प्रश्न : आम्ही विट्याजवळच्या खेड्यातले. मिस्टरांचं कोइमतूरला गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं दुकान आहे. मुलगा नववीत आहे. त्याच्या शाळेसाठी मी आणि सासूबाई गावीच असतो. फोन आला की हे मला विचारतात, "अभ्यास करतोय का?" तोही शेजारून म्हणतो, "पप्पांना सांग, सायकल पाहिजे." यात्रेला हे आले की दोघंही गप्प. सासूबाई म्हणतात, बापाचा धाक नाही म्हणून पोर घुमं झालं. मी कुठं कमी पडले?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : ताई, तुम्ही कमी कुठल्या पडताय, दोघांनाही पुरून उरलाय! अडचण तिथंच आहे.

माझे वडीलही गलाईवाले, हैदराबादला. मे महिन्यात यायचे. मी समोर उभी असायची आणि ते आईला म्हणायचे, "हिला किती मार्क पडले?" आई मला विचारायची, मी आईला सांगायची.

मरी बोवेन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञानं १९५४ ते १९५९ या काळात वॉशिंग्टनजवळच्या एका सरकारी संस्थेत रुग्णांबरोबर आधी त्यांच्या आयांना आणि मग अख्ख्या कुटुंबांनाच वॉर्डात राहायला बोलावलं. ती घरं गंभीर आजाराशी झगडणारी होती, तुमचं तसं काही नाही. पण पुढं त्यानं मांडलेला 'त्रिकोण' कुठल्याही घरात सापडतो. दोघांमध्ये अवघडलेपण आलं की तिसरं माणूस मध्ये ओढलं जातं. तेवढ्यापुरतं हलकं वाटतं, मूळ अवघडलेपण मात्र तसंच राहतं. तुमच्या घरी ते तिसरं माणूस तुम्ही.

धाकाचं म्हणाल, तर मला ते पटत नाही. मुलांच्या वाढीचा अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ युरी ब्रॉन्फेनब्रेनर यांनी १९७९ च्या पुस्तकात दाखवलं, की मूल जिथं कधी पाऊलही टाकत नाही अशा जागाही त्याला घडवतात. आईबापाचं कामाचं ठिकाण ही त्यातलीच एक. कोइमतूरची भट्टी, आटणीचं काम, दुकान बंद ठेवता न येणं, हे सगळं तुमच्या पोराच्या गप्प बसण्यात आहे. इरावती कर्वे यांनी एकत्र कुटुंबाची खूण सांगितली ती एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता, सामाईक देवपूजा. आपल्या भागातल्या गलाईवाल्यांचं शेत एक, देव एक. चुली मात्र दोन. त्यात पोराचा काय दोष?

आता फोन आला की त्याच्या हातात द्या आणि गोठ्याकडं निघून जा. पहिले काही दिवस दोघांना बोलायला काही सुचणार नाही. सुचू नये! तुम्ही लांबूनसुद्धा "विचार की" म्हणू नका. सायकल त्यानं स्वतः मागायची. नकार आला तर तोही त्यानंच ऐकायचा. सासूबाईंना एवढंच सांगा, की पोरासमोर बापाचा विषय काढू नका.

दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस त्याला दुकानावर पाठवा. मी दहावीनंतर हैदराबादला गेले होते. वडिलांनी ॲसिडची बाटली लांब सरकवली, गल्ल्याशेजारचं स्टूल पुसलं आणि म्हणाले, "हिकडं बस." आई तेव्हा गावी होती. मलाच म्हणाले.