फुटपाथवर पत्रके वाटायला परवानगी लागते का?

प्रश्न : परभणी जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी उन्हाळ्यात नळाला आठवड्यातून एकदाच पाणी येते. नियमित पाणीपुरवठ्याच्या मागणीसाठी आम्ही सात-आठ जणींनी बसस्थानकाबाहेरच्या फुटपाथवर टेबल मांडून सह्यांची मोहीम सुरू केली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना पत्रके दिली. ध्वनिक्षेपक नव्हता, घोषणाही नव्हत्या. थोड्या वेळाने एक पोलीस कर्मचारी आले, ‘जमावबंदी आहे, परवानगी दाखवा’ असे म्हणाले आणि उरलेली पत्रके घेऊन गेले. आदेश कोणाचा, कधीचा, हे विचारूनही कळले नाही. आम्ही काही बेकायदा केले का?

उत्तर : आपले म्हणणे मांडण्याचा आणि ते छापून दुसऱ्याच्या हाती देण्याचा अधिकार नागरिकाला पोलीस ठाण्यातून मिळत नाही. तो संविधानाच्या अनुच्छेद १९ (१) (क) मध्ये आहे, आणि शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा अधिकार त्याच्या लगतच्या उपखंडात आहे. त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, पण त्यासाठी कायद्याचा आधार लागतो. ‘वरून सांगितले आहे’ एवढ्याने तो निर्बंध ठरत नाही.

सार्वजनिक रस्त्याबद्दलचा मुख्य निकाल १९७२ सालचा आहे. अहमदाबादेत सभेला पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारल्याच्या हिंमतलाल शाह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने असे ठरवले की रस्त्यावरील सभांचे नियमन सरकार करू शकते, मात्र रस्ता नागरिकांना सरसकट बंद करू शकत नाही. आणि परवानगी देणे-नाकारणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडणारा नियम रद्द केला. तो नियम ज्या १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाखाली केलेला होता, तोच अधिनियम आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावाने आपल्याकडे लागू आहे, म्हणून हा निकाल परभणीत किंवा जालन्यात दूरचा मानण्याचे कारण नाही. सभा, मिरवणूक, मंडप किंवा ध्वनिक्षेपक असेल तर आधी परवानगी घ्यावी. फुटपाथच्या कडेला उभे राहून पत्रक देणे यांपैकी कशातच बसत नाही. टेबलाची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण ते नगरपालिकेच्या जागेवर ठेवलेली वस्तू ठरते. तेव्हा पालिकेला आधी अर्ज देऊन पोच घ्यावी, अथवा टेबलाशिवाय, पॅडवर सह्या घ्याव्यात.

आता जमावबंदीचे पाहू, कारण तुमच्या प्रकरणाचा निकाल त्यावर आहे. जिल्ह्यात असा आदेश बहुधा दोन तरतुदींखाली निघतो : महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ३७, किंवा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३, म्हणजे पूर्वीचे १४४. कलम ३७ (३) खालील मनाई राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपेक्षा अधिक चालत नाही, आणि कलम १६३ चा आदेश सामान्यतः दोन महिन्यांपुरता असतो. दोन्ही आदेश लेखी असतात, त्यांवर तारीख, कारण आणि अधिकाऱ्याची सही असते. असे आदेश सहसा पाच किंवा अधिक व्यक्तींच्या जमावासाठी असतात. त्या दिवशी तसा आदेश खरोखर लागू असेल, तर तुम्ही सात-आठ जणी एकत्र उभ्या होतात हे तुमच्या विरोधात जाऊ शकते, हे स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. आदेश नसेल, तर तुम्हाला हटवण्याला आधारच नव्हता.

आदेश असला तरी तो न्यायालयाच्या तपासणीपलीकडे नसतो. फेब्रुवारी २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे शेजारच्याच बीड जिल्ह्यातील माजलगावचे प्रकरण आले होते. नागरिकत्व सुधारणा कायद्याच्या विरोधात ईदगाह मैदानावर शांततेने धरणे धरू इच्छिणाऱ्यांना अतिरिक्त जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या कलम ३७ खालील आदेशाचा हवाला देऊन परवानगी नाकारली गेली होती. खंडपीठाने तो आदेश आणि नकार दोन्ही रद्द केले, आणि एखाद्या कायद्याला विरोध करतात म्हणून अशा लोकांना देशद्रोही म्हणता येणार नाही असे बजावले. ज्या मराठवाड्यात निजामाच्या राजवटीत १९२९ च्या ‘गश्ती निशान ५३’ या फर्मानाने परवानगीशिवाय सभा घेण्यावर बंदी होती, तेथील नागरिकांनी हा निकाल पाठ करून ठेवावा, असे आम्हाला मनापासून वाटते.

पत्रके उचलून नेणे ही आम्हाला सर्वांत गंभीर बाब वाटते. वस्तू चोरीची असल्याचा किंवा तिच्यावरून गुन्ह्याचा संशय येत असेल तरच पोलिसांना ती जप्त करता येते. मग जप्तीची यादी साक्षीदारांच्या सहीने करावी लागते, तिचे चित्रण करावे लागते आणि दंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते. पाण्याच्या मागणीच्या पत्रकात गुन्हा कोणता? तुम्ही ठाण्याच्या निरीक्षकांना लेखी अर्ज देऊन पत्रके परत मागा आणि जप्तीच्या कागदांची प्रत मागा. त्याबरोबरच जिल्हाधिकारी कार्यालयाकडे माहिती अधिकारात त्या तारखेला लागू असलेल्या मनाई आदेशाची प्रत मागा. दहा रुपयांचे शुल्क लागते आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. उत्तर न आल्यास पहिले अपील करा. हे कागद हाती असले तर पुढे संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाच्या खंडपीठात दाद मागणे सोपे होते.

पुढच्या वेळी एवढे पाहा की चालणाऱ्याची वाट अडणार नाही, विशेषतः वृद्ध आणि अपंग व्यक्तींना फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरावे लागणार नाही. सार्वजनिक वाटेत अडथळा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे. २०२० च्या शाहीनबाग निकालातही सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्ता बेमुदत व्यापता येत नाही असे सांगितले. बसस्थानकाच्या फाटकाच्या आतली जागा एसटी महामंडळाची आहे; तेथे त्यांच्या अनुमतीशिवाय उभे राहू नका.

प्रश्न : विधानसभा निवडणुकीत एका अपक्ष उमेदवाराची पत्रके आम्ही रेल्वे स्थानकाच्या फलाटावर वाटू शकतो का? (जि. नांदेड)

उत्तर : फलाटावर नाही. रेल्वेच्या आवारात सभा घेण्याचा मूलभूत अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्येच ठरवले आहे. स्थानकाबाहेरच्या सार्वजनिक फुटपाथवर वाटू शकता, मात्र निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव-पत्ता छापलेला हवा; लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२७-अ नुसार तो नसल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मतदानाच्या दिवशी मतदान केंद्रापासून शंभर मीटरच्या आत प्रचार करू नका. खर्चाची पावती उमेदवाराच्या प्रतिनिधीकडे द्या, कारण ती त्यांच्या निवडणूक खर्चात धरली जाते.