कामगारांना लिहिता-वाचता येण्याचा कारखान्यातील सुरक्षेशी खरोखर संबंध असतो का?

हेल्मेट व हातमोजे दिले आणि सुपरवायझरने काम तोंडी समजावले की पुरेसे होत नाही का, असे आपण विचारले आहे. वडोदऱ्याजवळ नंदेसरी येथील एका रसायन कारखान्याच्या सुरक्षा विभागात मी बरीच वर्षे काम केले. त्या अनुभवावरून सांगतो, ते पुरेसे होत नाही.

साफसफाईचेच पाहा. हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, आणि हायड्रोक्लोरिक आम्ल पुष्कळदा सारख्याच निळ्या कॅनमधून येतात. दोन्ही एका बादलीत पडले की क्लोरीन वायू सुटतो. कोणत्या कॅनमध्ये काय आहे, हे लेबल वाचूनच कळते आणि सुपरवायझर त्या वेळी बहुधा दुसऱ्या प्लांटवर असतो. टाकीत उतरण्याच्या परमिटवर ऑक्सिजनचे प्रमाण लिहिलेले असते, ते 19.5 टक्क्यांच्या खाली असेल तर आत जायचे नसते. तो आकडा किंवा परमिटची संपलेली मुदत ज्याला वाचता येत नाही, त्याच्या अंगठ्याने फार तर कंत्राटदाराची फाइल पूर्ण होते.

कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 108 ने सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावण्याचे बंधन घातले. आमच्याकडे ती भाषा गुजराती. खानदेशातून किंवा बिहारमधून आलेला, देवनागरी वाचणारा कामगार त्या पाटीपुढे अडतो. सयाजीरावांनी 1906 साली ज्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तिथे हे घडावे याचे वैषम्य वाटते.

लिहिता येण्याकडे तर कोणाचे लक्षच नसते. रात्री पंपाच्या सीलमधून गळती दिसली, तरी ज्याला दोन ओळी लिहिण्याचा संकोच वाटतो तो लॉगबुकात 'सर्व ठीक' एवढेच नोंदवतो, आणि सकाळची पाळी तोच पंप निर्धास्तपणे चालू करते. थोडक्यात टळलेले अपघातही याच कारणाने वर कळत नाहीत.

म्हणून वर्ग भरवायचा असेल तर तो पाळीच्या वेळेत, पगार न कापता भरवावा आणि रोजची लेबले, परमिट व लॉगबुक यांवरूनच शिकवावे. शिकवून झाल्यावर 'समजले का?' असे विचारू नये, कारण त्याला सगळेच होकार देतात. परमिट कामगाराच्या हाती देऊन 'आता आधी काय करणार, ते सांगा' असे विचारावे.