मधे चार वर्षं गेली, आता सुरुवात कशी करायची?

"भांडण काही नाही हो मॅडम, फक्त ते बंद पडलंय." माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या कितीतरी जोडप्यांच्या तोंडी हे वाक्य असतं. 'ते' म्हणजे शरीरसंबंध. बाळंतपण, आजारपण, नोकरीतली ओढाताण, निमित्त काहीही असो. महिन्यांची वर्षं होतात आणि ज्या माणसासोबत संसार केला, त्याच्याच जवळ जायची लाज वाटू लागते.

अशाच एका जोडप्याबद्दल सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ती चाळिशीतली, तो थोडा मोठा. धाकट्याच्या जन्मानंतर आधी जागरणं, मग नवऱ्याच्या पाठीचं ऑपरेशन, मग सवयच. चार वर्षं. सोफ्याच्या दोन टोकांना बसली होती, मधे तिची पर्स.

पहिल्या भेटी 'चूक कोणाची' यातच गेल्या. मग एकदा मी विचारलं, "हा साधा हात लावतो, तेव्हा काय होतं?"

ती म्हणाली, "पाठीवर हात आला की वाटतं, आता नाही म्हणावं लागणार. म्हणून मी आधीच कूस बदलते."

तो तिच्याकडे वळला. "अगं, त्या रात्री तुझं डोकं दुखत होतं म्हणून हात फिरवत होतो."

"मला काय माहीत?"

"तू कूस बदललीस, म्हणून नंतर मी हातच लावला नाही."

खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मीही घाई केली नाही, कारण गाठ नेमकी इथेच होती. संबंध थांबले की प्रत्येक स्पर्शाचा एकच अर्थ उरतो: मागणी. एकाला नकाराची भीती, दुसऱ्याला नकार द्यायची. मग साधी मिठीसुद्धा जाते. इच्छा मेलेली नसते, तिला यायला वाट उरलेली नसते.

मी सांगितलं, "पुढचे काही आठवडे संबंध ठेवायचेच नाहीत."

"त्यासाठीच तर आलोय!" तो म्हणाला.

ही पद्धत माझी नाही. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन संशोधक जोडीने ती १९७० मध्ये मांडली, आणि तिच्यावर माझा पक्का विश्वास आहे. आळीपाळीने पंधरा मिनिटं स्पर्श करायचा: पाठ, खांदे, तळहात, केस. छाती आणि जननेंद्रियं वगळायची. काय बरं वाटतं, काय नको, ते ज्याला स्पर्श होतोय त्याने सांगायचं. पुढे काहीही व्हायचं नाही हे ठरलेलं असलं की अंग सैल पडतं.

तीन आठवड्यांनी ती म्हणाली, "काल मीच ह्याचा हात धरून ठेवला. पंधरा मिनिटं केव्हाच उलटून गेली होती."

"नियम मोडलात?"

"नाही," तो हसला. "पण मोडावासा वाटला."

असं वाक्य ऐकलं की मला माझ्या कामाचं समाधान मिळतं. आधी इच्छा, मग जवळीक, असाच क्रम असतो असं आपण धरून चालतो. २००० साली कॅनडातल्या डॉक्टर रोझमेरी बॅसन यांनी मांडलं, की दीर्घ सहवासात अनेकांची, विशेषतः स्त्रियांची, इच्छा जवळीक सुरू झाल्यावर जागी होते. तेव्हा आतून उर्मी येण्याची वाट पाहत बसू नका. जवळ यायची तयारी मात्र दोघांची हवी, आणि कुठल्याही क्षणी 'आज इथेच थांबू' म्हणता आलं पाहिजे.

शरीराकडेही बघा. स्तनपानाच्या काळात आणि पाळी जाताना योनीत कोरडेपणा येतो, दुखतं. दुखणं सोसू नका. पाण्यावर आधारित वंगण (ल्युब्रिकंट) मिळतं, ते वापरा. लॅटेक्सच्या कंडोमसोबत तेल नको, कंडोम फाटतो. तरीही दुखलं तर डॉक्टरांना दाखवा. पहिल्या वेळी पुरुषाला ताठरता आली नाही, तर ते बहुधा दडपण असतं. वारंवार तसं होत असेल तर साखर आणि रक्तदाब तपासा, हृदयविकाराची ती आगाऊ सूचना असू शकते. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही इच्छा कमी होते. त्या परस्पर बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

नंतरच्या एका भेटीत ती दोघं गर्भनिरोधनाचं विचारायला आली. चार वर्षांत तो विषयच निघाला नव्हता. पाळी सुरू आहे तोवर चाळिशीतही दिवस जाऊ शकतात, म्हणून मी त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं.