आधी इंजेक्शनच्या खोलीत जा

प्रिय डॉक्टर,

आता तुला असंच म्हणायला हवं! सोमवारी रुजू होशील, तेव्हा सगळ्यात आधी इंजेक्शनच्या खोलीत जा आणि अर्धा तास नुसती उभी राहा. बोलू नकोस, हात बघ.

माझ्या पहिल्या नोकरीत कंपाउंडर प्रत्येक पेशंटला नवी सुई लावायचा, सिरिंज मात्र तीच. सुई नवी आहे ना, म्हणून मीही निर्धास्त होतो. एके दिवशी जवळून पाहिलं. सिरिंजच्या टोकाशी पुसटसा लालसर थेंब होता, आणि तीच सिरिंज औषधाच्या मोठ्या कुपीत पुन्हा बुडाली. कुपी मी तिथल्या तिथे फेकली. पण त्याआधीच्या महिन्यांचं काय, हा प्रश्न आजही सोडत नाही.

१९७६ साली झाईरमधल्या (म्हणजे आजच्या काँगोतल्या) यांबुकूच्या मिशन रुग्णालयात रोज सकाळी पाच सिरिंजा काढून दिल्या जात. दोन पेशंटांच्या मध्ये त्या कोमट पाण्यात खळबळून घेत. इबोलाचे ३१८ रुग्ण झाले, त्यांतले २८० दगावले. ज्यांना सुईतूनच लागण झाली होती, त्यांतलं एकही माणूस वाचलं नाही. ते रुग्णालय चालवणाऱ्या नन सेवेसाठीच आल्या होत्या गं. त्यांच्यातल्याही काही गेल्या.

२०१९ मध्ये सिंधमधल्या रातोदेरोत शेकडो लहान मुलं एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाली, आणि बहुतेकांच्या आया निगेटिव्ह. असं दिसलं की आईला प्रश्नांनी घेरू नकोस. मुलाला सुई, सलाईन कुठे लागलं ते विचार.

साथ म्हटली की आपण पाणी आणि डास शोधतो. सुईतूनही पसरणारी 'ब' कावीळ (हिपॅटायटिस बी) मात्र विषाणूचा शिरकाव झाल्यावर दीड ते सहा महिन्यांनी डोळ्यांत पिवळी दिसते. तोवर सुई विसरलेली असते. म्हणून काविळीच्या प्रत्येक पेशंटला मागच्या सहा महिन्यांचं विचारत जा: इंजेक्शन, सलाईन, दाताचं काम.

खरं दुखणं मात्र नको तिथे दिलेल्या सुईत आहे. सर्दी-तापाला गोळी पुरते, तरी लोक सुई मागतात, कारण आपणच वर्षानुवर्षं ती सवय लावली. नाही म्हणताना पेशंटला दोन मिनिटं जास्त दे. गावातल्या बिनपरवाना डॉक्टरला नुसत्या शिव्या घालूनही भागणार नाही. कंबोडियातल्या रोका गावात २०१४ मध्ये ज्याच्या सुयांमधून एचआयव्ही पसरला, त्याला लोक मानत होते. मध्यरात्री दार उघडणारा तोच होता.

वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नकोस, आणि तिच्या डब्यात हात तर अजिबात घालू नकोस. संध्याकाळी कपाटातून किती सिरिंजा निघाल्या आणि रजिस्टरमध्ये किती इंजेक्शनं लिहिली आहेत, एवढं ताडून बघ. आकडा जुळला नाही तर मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.

तुझा,
सर